डाव्या हाताची पिशवी

जळकोटात हायवेला लागून ईरण्णांचं भुसार दुकान आहे आणि दुकानामागे घर. दुकानात ईरण्णांचं चालतं, निदान तसं त्यांना वाटतं. घरात राज्य त्यांच्या बायकोचं, पार्वतम्मांचं. वय सत्तरीला टेकलं तरी त्यांचा शब्द कधी खाली पडला नव्हता. पडलं ते हातातलं इष्टलिंग, आणि तेही श्रावणी सोमवारी.

रोज अंघोळ झाली की पार्वतम्मा कपाळाला विभूती लावून मांडी घालून बसत. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर घेत आणि उजव्या हातानं बेल वाहत. लहानपणी दीक्षा झाल्यापासून देवाची बैठक त्याच तळव्यावर. त्या सोमवारी हात थरथरला आणि लिंग घरंगळून पदरात आलं. जमिनीला लागलं नाही, एवढीच शिवाची कृपा. उद्या खाली पडलं तर? दुसऱ्या दिवसापासून त्या कोपर मांडीला टेकवून पूजा करू लागल्या आणि विचारलंच कुणी, तर कंबर धरलीय म्हणून सांगू लागल्या.

ईरण्णांच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यांची स्वतःची पूजा भल्या पहाटे, दुकानामागच्या खोलीत, दार लोटून चाले. पाटावर ठेवून पूजा कर, देव काही रागवत नाही, असं त्यांनी सहज सुचवून पाहिलं. पार्वतम्मांनी नुसतं वर बघितलं. ईरण्णा उठले आणि नको असताना तुरीची पोती मोजायला गेले.

गौरी-गणपतीच्या सणाला नात शिवप्रिया आली. ती सोलापुरात फिजिओथेरपी शिकते. आज्जीची कंबर बघायची म्हणून तिनं आज्जीला खुर्चीवर बसवलं आणि हात न टेकता उठायला सांगितलं. आज्जी अर्ध्यात गेल्या आणि धपकन परत बसल्या. खुर्ची लई बुटकी आहे, असा निकाल त्यांनी दिला. शिवप्रियानं समजावलं की वय झालं की दंडा-मांड्यांतला जोर आपोआप ओसरतो, पण वजन उचलत राहिलं तर कोणत्याही वयात परत येतो. एक दिवस उचलायचं, एक दिवस विसावा, आणि हळूहळू भर घालायची. कापडी पिशवीत थोडी ज्वारी भरून तिनं धडा घालून दिला आणि ती सोलापूरला गेली.

झालं. ओसरीवर पार्वतम्मांची खुर्चीवर ऊठबस सुरू झाली. शेजारची जाऊबाई शांताक्का मुद्दाम वाकडी वाट करून बघायला यायची आणि जत्रेतल्या कुस्त्यांत नाव दिलं का, म्हणून विचारायची. ईरण्णांनाही जोर चढला. आपण जन्मभर पोती पाठीवर वाहिली, आपल्याला असली पिशवी नको, असं ते गिऱ्हाइकांना ऐकवू लागले. खरं तर कित्येक वर्षं पोती हमाल उचलत होते आणि ईरण्णा त्यांना नुसता हात लावत होते, तोही पोतं थप्पीला लागल्यावर.

दिवाळीपर्यंत पार्वतम्मा खुर्चीवरून ताठ उठू लागल्या. लोणच्याच्या बरण्यांची घट्ट झाकणं त्या एका पिळात उघडू लागल्या. शांताक्काच मुकाट्यानं आपले डबे उघडायला आणू लागली. पण पूजेला बसलं की डावा हात थरथरायचा तो थरथरायचाच.

शेवटी त्यांनी नातीला व्हिडिओ कॉल लावला आणि तुझी विद्या खोटी आहे, म्हणून फैलावर घेतलं. शिवप्रियानं शांतपणे विचारलं, की डाव्या हातानं किती वजन उचलतेस?

"त्या हातावर देव बसतो," पार्वतम्मा म्हणाल्या. "त्या हाताला कसली हमाली सांगती? मी उजव्यानंच उचलती."

एवढे महिने सगळी ज्वारी एकट्या उजव्या हातानं उचलली होती. शिवप्रियानं हसू आवरलं. देवाधर्मात ती पोर काय बोलणार? तेव्हा मागून ईरण्णा बोलले.

"पोळ्याला आपण बैलाची पूजा करतो, पुरणपोळी चारतो. मग दुसऱ्या दिवशी त्येच्या मानेवर जू ठिवतोच का न्हाय? बैल बाटला का?"

पार्वतम्मांनी उत्तर दिलं नाही. नवऱ्याचं म्हणणं पटलं की त्या उत्तर देत नसत. सकाळी पूजा आटोपल्यावर त्यांनी नवी पिशवी शिवली, मूठभर ज्वारी घातली, पिशवीलाही विभूतीचं बोट लावलं आणि ती डाव्या हातानं उचलली. देवाची क्षमा मागितली ती मनातल्या मनात.

महाशिवरात्रीला शिवप्रिया आली आणि सगळे एका ओळीत पूजेला बसले. पार्वतम्मांनी कोपर मांडीवरून उचललं. तळव्यावरचं लिंग जागचं हललं नाही. त्यांचे डोळे भरून आले. इतके महिने उराशी धरलेली भीती त्या दिवशी उतरली.

बेल घ्यायला त्या वळल्या, तर शेजारी ईरण्णांच्या तळव्यावरचं बेलाचं पान थरथरत होतं. त्यांचा हात, मनगटापासून. आज चारचौघांत त्यांच्यापुढे पाट नव्हता. दार लोटून होणारी पहाटेची पूजा आणि पाटाचा तो सल्ला, दोन्हींचा अर्थ पार्वतम्मांना एकदम उमगला. राग आला, आणि त्याहून जास्त माया आली. माणसानं आपली भीती एकट्यानं सोसली आणि वर हसत राहिला.

बेल तसाच ठेवून त्यांनी आपला उजवा हात त्यांच्या तळव्याखाली धरला. पान थांबलं.

"कवापासनं पाटावर ठिवता?" त्यांनी हळूच विचारलं.

"दोन वर्सं झाली."

"उद्यापासनं तुमची पिशवी."

ईरण्णांनी मान डोलावली.

"जवारी किती घालू?"

"मूठभर," पार्वतम्मा म्हणाल्या. "आन् डाव्यापासनं सुरू करा."