रेषेवरचे काका

काकांना काही महत्त्वाचं बोलायचं असलं की ते आधी चष्मा काढायचे. स्वेटरचं टोक ओढून दोन्ही काचा पुसायचे, चष्मा परत नाकावर बसवायचे आणि म्हणायचे, "मी बघितलंय." एवढं झालं की आमच्या बर्मिंगहॅमच्या मराठी मंडळातले भलेभले गप्प बसत. काकांनी बघितलंय म्हणजे ते तसंच घडलेलं असणार, आणि आता कुणाचीही त्यातून सुटका नाही.

तुमच्याही माहितीत असा एखादा माणूस असेल. त्याच्याबरोबर पत्ते खेळायला नको वाटतं, पण गावाला जाताना घराची किल्ली ठेवायची झाली तर आपण मुकाट्यानं त्याचंच दार वाजवतो.

ते माझ्यापासून दोन घरं सोडून राहायचे. आता तिथे दुसरं कुटुंब आहे. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काका इन्स्पेक्शनला होते. केसाएवढी चीर दिसली तरी तो भाग बाजूला काढायचा, हे त्यांचं काम, आणि घरी आल्यावरही ते काही थांबायचं नाही. एकदा गणपतीत मंडळानं त्यांना संगीत खुर्चीला पंच म्हणून उभं केलं. शेवटच्या खुर्चीवर काकू बसल्या, टाळ्या झाल्या, बक्षीस हातात पडणार एवढ्यात काकांनी चष्मा पुसला. "गाणं थांबायच्या आधी बसलीस. मी बघितलंय." त्या दिवशी काकू आरतीला त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या नाहीत.

मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आले, तो माझा पहिला हिवाळा. घरात कोट घालून झोपायचे आणि इंग्लंडमध्ये असंच असतं अशी मनाची समजूत घालायचे. एका सकाळी काका दारात उभे. "अगं, सगळ्यांच्या बॉयलरमधून बाहेर वाफ येते, तुझ्या नाही येत. मी बघितलंय." घर गरम ठेवणाऱ्या त्या बॉयलरच्या आतली बारीक ज्योत विझली होती. ती आपण पेटवायची असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! काकांनी गुडघ्यावर बसून ती पेटवली आणि चहासुद्धा न घेता निघून गेले. त्यांच्या नजरेचा मला धाक होता, पण तेव्हापासून आधारही वाटायला लागला.

त्यांची एकुलती एक मुलगी ऋचा ब्रिस्टलला युनिव्हर्सिटीत शिकत होती आणि मुलींच्या फुटबॉलच्या सेकंड टीममध्ये होती. होती म्हणजे बहुतेक वेळ बाहेर बाकावर बसलेली असायची. तिचं शेवटचं वर्ष आलं तरी तिच्या नावावर एकही गोल नव्हता. मॅचेस असायच्या बुधवारी, त्यामुळे आईबाबांनी तिला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. त्या मोसमातली शेवटची मॅच मात्र मैदानात पाणी साचलं म्हणून पुढे ढकलली आणि शनिवारी ठेवली. ऋचाचा फोन आला, "बाबा, या वेळी मी स्टार्ट करणार आहे. बेंच नाही. तू येशील?"

काकांनी शनिवारचा ओव्हरटाइम सोडला, ब्रिस्टलला एका रात्रीसाठी गेस्ट हाउस बुक केलं आणि मलाही गाडीत बसवलं. त्याआधी आठवडाभर लायब्ररीतून आणलेलं नियमांचं पुस्तक वाचणं चाललं होतं. ऑफसाइड समजून घेण्यासाठी त्यांनी जेवणाच्या टेबलावर आमटीच्या वाट्या मांडल्या होत्या. "हे बघ, ही गोलकीपर, ही त्यांची शेवटची बचाववाली. पास सुटला त्या क्षणी आपली वाटी हिच्या पुढे असली, की संपलं."

"वाट्या द्या इकडे," काकू म्हणाल्या, "वाढायचंय."

मैदान म्हणजे गावाबाहेरचा उघडा माळ. वारा असा की काकूंनी आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्यांच्या डब्याचं झाकण उडून गोलपोस्टपर्यंत गेलं. प्रेक्षक म्हणून आम्ही तिघं आणि दोन कुत्री घेऊन आलेल्या एक बाई. अशा मॅचला रेफरी एकच असतो. बाजूच्या रेषेवर झेंडा घेऊन पळायला आणि ऑफसाइड दिसली की तो वर करायला प्रत्येक टीमनं आपापला माणूस द्यायचा असतो. ऋचाच्या टीममधली ते काम करणारी मुलगी आजारी होती. कॅप्टन धावत आली आणि काकांना विचारलं, "यू डोन्ट माइंड, डू यू?"

काकांचा चेहरा काय उजळला म्हणून सांगू! कानटोपी घट्ट करून त्यांनी तो पिवळा झेंडा असा हातात घेतला, जसा काही पंधरा ऑगस्टलाच फडकवायचा आहे. आता एक गोष्ट तिथल्या सगळ्यांना ठाऊक होती, फक्त काकांना नव्हती. घरचा लाइन्समन, म्हणजे हा झेंडेवाला, घरच्या टीमकडे जरा प्रेमानं बघतो. त्यात कुणाला गैर वाटत नाही, समोरचाही तेच करत असतो.

प्रत्येक लाइन्समननं मैदानाचं एकच टोक सांभाळायचं असतं. पहिल्या हाफमध्ये काकांच्या टोकाला समोरची टीम हल्ला करत होती, तेव्हा त्यांचा झेंडा सारखा वर जायचा आणि आमच्या मुली "वेल डन, लिनो!" म्हणून ओरडायच्या; लाइन्समनला इथे लाडानं लिनो म्हणतात. हाफटाइमनंतर बाजू बदलल्या, लाइन्समन मात्र जागेवरच राहिले. म्हणजे आता काकांच्या टोकाला आपल्याच मुली हल्ला करणार होत्या. स्कोअर एक-एक. जिंकलं नाही तर टीम खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार होती.

मॅच संपत आली असताना मधून एक लांब पास आला. चेंडू ऋचाच्या खांद्यावरून पुढे पडला, तिनं मागे न बघता डावा पाय लावला आणि चेंडू जाळीत! काकू डबा टाकून नाचायला लागल्या. मीही. मुली ऋचाच्या अंगावर पडल्या. मग हळूहळू एकेक जण थांबली आणि रेषेकडे बघायला लागली.

काकांचा झेंडा वर होता. हात खाली येत नव्हता.

रेफरी जवळ गेला, काहीतरी विचारलं. काकांनी मान हलवली. गोल रद्द झाला. मॅच एक-एकच संपली आणि टीम खाली गेली. हात मिळवताना समोरच्या टीमचा लाइन्समन काकांना हसून म्हणाला, "नेव्हर सीन दॅट बिफोर, मेट." ऋचा आमच्याकडे न बघता चेंजिंग रूममध्ये गेली. थोड्या वेळानं काकूंच्या फोनवर तिचा मेसेज आला, की ती जेवायला येत नाही.

"पोरीचा आयुष्यातला एक गोल," काकू गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "तोही तुम्हाला बघवला नाही."

संध्याकाळी गेस्ट हाउसमध्ये आम्ही गार पुऱ्या खाल्ल्या. मी न राहवून विचारलं, "काका, नक्की ऑफसाइड होती?" ते म्हणाले, "पाऊलभर पुढे होती गं," आणि हातातली पुरी तशीच ताटलीत ठेवली. मला त्यांचा राग आला होता. पण त्यांना बघून तो टिकेना.

रविवारी सकाळी आम्ही नाश्त्याला बसलो होतो तेव्हा ऋचा आली. डोळे सुजलेले. काकांच्या समोरची खुर्ची ओढून बसली.

"बाबा, एव्हरीवन डझ इट. रेफरी पण काही म्हटला नसता."

"हो. मला नंतर कळलं."

"आधी कळलं असतं तर?"

काकांनी बराच विचार केला. "तरी हात वर गेला असता, बाळा."

ती उठायलाच निघाली होती. तेव्हा काका घाईघाईनं म्हणाले, "पण तो गोल, ऋचा... चेंडू मागून येत होता आणि तू वळलीसुद्धा नाहीस. इतकं सुंदर मी आजवर काही बघितलेलं नाही. रात्रभर तेच दिसत होतं."

"तू मला बरं वाटावं म्हणून..." ती बोलता बोलता थांबली. बापाकडे बघत राहिली. या माणसाला तसं जमत नाही, याचा तिच्याइतका पक्का पुरावा जगात कुणाकडे होता? ती परत खुर्चीवर बसली, त्यांच्या ताटलीतला टोस्ट उचलला आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "परत सांग. कसा मारला मी?"

काकांनी सांगितलं. चमचे आणि मिठाची बाटली मांडून, अगदी पहिल्या पासपासून. काकूंनी तोंड फिरवून डोळे पुसले, आणि मीही माझ्या चहात बघत बसले. एखाद्या बापानं इतक्या प्रेमानं मुलीचं कौतुक केलेलं मी दुसरं कुठे पाहिलेलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी काका आजारी पडले. हॉस्पिटलमध्ये एका दुपारी मी भेटायला गेले, तेव्हा डॉक्टर नुकतेच येऊन गेले होते. भला माणूस, पण फार सावधपणे बोलला होता. काकू म्हणत होत्या, "सगळं ठीक होणार आहे, पुढच्या महिन्यात हिंडायला लागाल." मीही मान डोलावली. दुसरं काय करणार?

काका आम्हा दोघींकडे बघून कसनुसं हसले. मग म्हणाले, "ऋचा, तू सांग."

ऋचा पलंगाच्या कडेला बसली होती. तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "नाही, बाबा. तू बरा नाही होणार."

काकूंनी हुंदका दिला. काकांनी मात्र डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. इतके दिवस सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघून ते थकले असावेत. "बरं," ते म्हणाले. "मग मला घरी ने. आजच."

ऋचा उठली, आणि त्यांचे बूट शोधायला पलंगाखाली वाकली.