सुजलेला गुडघा घेऊन अर्नाळ्याला

बोळिंजहून अर्नाळा म्हणजे रिक्षाने अर्धा तासही नाही. लोक तिथे किल्ला बघायला जातात. मी निघालो होतो एका कोळणीची माफी मागायला. सोबतीला उजवा गुडघा, नारळाएवढा सुजलेला.

महिन्यापूर्वी मला जुलाब झाले. हिरामावशी दर रविवारी आमच्या सोसायटीत मासे विकायला यायची. तिचीच कोळंबी मी खाल्ली होती. अंथरुणातूनच सोसायटीच्या ग्रुपवर लिहून टाकलं, "हिरामावशीचे मासे शिळे असतात, जपा." कमिटीने तिला गेटवरच बंदी केली.

काल डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला. "पोटात जंतुसंसर्ग झाला, की तो बरा झाल्यावरही काहींचे सांधे असे सुजतात. जुलाब नेमके कधी सुरू झाले?"

"शनिवारी," म्हणालो आणि जीभ चावली. कोळंबी रविवारची होती. शनिवारी दोनदा पळालो होतो, ते मी सोयीस्कर विसरलो. आणि शुक्रवारी रस्त्यावर हाणलेल्या सँडविचबद्दल ग्रुपवर चकार शब्द लिहिला नव्हता.

रिक्षा कोळीवाड्याच्या तोंडाशी थांबली. पुढे वाळू, त्यात माझी लंगडी चाल. बांबूंवर बोंबील वाळत होते, पलीकडे पाण्यात किल्ला उभा होता. तो धड बघितलासुद्धा नाही. जाळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याला मावशीचं घर विचारलं.

"म्हावरं (मासे) घ्यायचं हाय का?"

"नाही, जरा काम आहे." खरं सांगायला जीभ रेटेना.

हिरामावशी दारात सुकट निवडत होती. मला बघून चिडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "भाऊ, पाय केवढा सुजलाय! बसा आधी." खुर्ची आली, चहा आला, निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील आला. मी बशी बाजूला सारली. सगळं सांगून टाकलं.

तिने हातातली सुकट खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हंजी माझी कोलबी चांगली होती?"

"चांगली होती."

"उरलेली शेजारनीला दिली होती, भाऊ. तुमचा कलला, तवापासून आठ दिस रोज सकाली तिच्या दारात जाऊन इचारत होते, पोरांना काय झाला नाय ना."

माझी मान वर होईना. तिच्या पोटावर पाय देण्याआधी मी एकालाही काही विचारलं नव्हतं. मी हात जोडले.

"हितं हात जोडून काय करू?" ती म्हणाली. "हितं मला सगले वलखतात. तुमच्या बिल्डिंगीत सांगा."

तिचं बरोबर होतं. माझ्या ओळखीचं कोणी ऐकणार नाही, म्हणूनच तर मी माफीसाठी अर्नाळा गाठलं होतं. हे तिथे बसून कळलं आणि स्वतःचीच शिसारी आली.

परतताना रिक्षातूनच ग्रुपवर सगळं लिहिलं, शनिवार, सँडविच, काहीही न लपवता. बोळिंज येईपर्यंत निरोपांचा पाऊस पडला. "काका, काळजी घ्या." "लवकर बरे व्हा." "आंबेहळद लावून बघा." मावशीबद्दल एक अक्षर नाही.

इतक्या जवळच्या प्रवासानेही मी दमलो होतो. बदनामी करायला एक ओळ पुरली होती, ती धुवायला मात्र पायी फिरावं लागणार होतं. घरी गेलो नाही. भिंतीला धरून तळमजल्यावरच्या पहिल्या दाराची बेल वाजवली.