ओटा सोडून बाकी सगळं घर

आमच्या गल्लीतला कचरा उचलायला रोज सकाळी गाडी येते. किस्से उचलायला कोणी येत नाही, म्हणून ते साठत जातात. आता घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही, तेव्हा त्यातले थोडे तुमच्या दारात आणून टाकतोय. वास आला तर सांगा!

गल्ली कुंभकोणमची. तंजावरच्या राजांबरोबर दक्षिणेत आलेल्या मराठी घरांची. माझ्या लहानपणी या टोकाला उभं राहून "राव!" अशी हाक मारली, की त्या टोकापर्यंत प्रत्येक दारातून एक तरी माणूस डोकावायचा. आता तिघे डोकावतो. त्यातल्या दोघांना ऐकू कमी येतं.

पहिला वेंकोबाराव, शाळेतला निवृत्त ड्रिल मास्तर. दुसरा गुंडूराव, लग्नपत्रिका छापायचा छापखाना चालवत असे. तिसरा मी. बँकेत होतो, वीस वर्षं पुण्यात काढली आणि रिटायर होऊन परत आलो. पुण्यात राहून माझी मराठी बिघडली, असं या दोघांचं ठाम मत आहे. आम्ही तिघे एका वर्गात होतो आणि अजूनही रोज संध्याकाळी पाच ते सात एका ओट्यावर बसतो. हा ओटा म्हणजे घराबाहेरची, रस्त्याला लागून असलेली बसायची जागा. तमिळमध्ये तिण्णै. पूर्वी प्रत्येक घराला होता.

*

वेंकोबाकडे एकदा पार्सल यायचं होतं. कुरिअरवाल्याचा फोन आला, घर कुठे?

वेंकोबाने ड्रिल घेतल्यासारखा पत्ता सांगितला. "जटक्याचा स्टँड टाकून पुढें ये, गोठ्यापाशीं डावीकडे वळ, हिंदी पंडिताच्या घरासमोर थांब." (जटका म्हणजे आमच्याकडचा टांगा, हिंदी पंडित म्हणजे शाळेतले हिंदीचे मास्तर.)

अर्ध्या तासाने बिचारा घामाघूम होऊन पोहोचला. चांगला चाळिशीचा माणूस, रडायच्या बेतात. "सार, जटका स्टँड कुठे आहे? तिथे ATM आहे. गोठा कुठे आहे? तिथे ब्यूटी पार्लर आहे. हिंदी पंडित तर कोणालाच माहीत नाही!"

"पंडित वारले," वेंकोबा म्हणाला. "गोठा काढूनही सहा वर्षें झालीं."

"मग तो पत्ता मला का सांगितलात?"

"तूं पत्ता विचारलास म्हणून! पत्ता तोच असे. वस्तु गेल्या, त्यास मी काय करूं?"

*

गोठ्याचं पार्लर झालं, हे गल्लीला कळलं. गोठ्यातल्या गायीला मात्र कोणी कळवलं नाही. मालकाने तिला शेजारच्या पेठेत नेलं होतं, पण ती रोज सकाळी सुटून इथे यायची आणि पार्लरच्या काचेच्या दारासमोर उभी राहायची. शांतपणे. आत बघत.

पार्लरवाली कविता पहिल्या आठवड्यात ओरडली. दुसऱ्या आठवड्यात तिने पाणी मारलं. गायीला वाटलं, आंघोळ घालतायत. तिसऱ्या आठवड्यात कविता भाजीची देठं घेऊन येऊ लागली.

एकदा लग्नघरची एक बाई नटायला आली. दारात गाय बघून घाबरली आणि लांबूनच ओरडली, "मी आत कशी येऊ?"

कविता म्हणाली, "पाच मिनिटं थांबा अक्का, आधी त्यांची अपॉइंटमेंट आहे!"

*

आता माझ्यावरचा किस्सा. तो मीच सांगितलेला बरा, वेंकोबा फार रंगवतो.

मुलाने कार घेतली. कार ठेवायला जागा नाही, म्हणून मी आमचा ओटा फोडला. आजोबांनी ज्यावर बसून आयुष्यभर लोकांना नावं ठेवली, तो ओटा दोन मजुरांनी एका दिवसात साफ केला. मला काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर मी त्यांना घाई करत होतो.

कार आली आणि गल्लीच्या तोंडाशीच अडकली. दोन्ही बाजूंना यात्रेकरूंच्या व्हॅन. वळायला जागा नाही. तीन दिवस खटपट करून मुलाने ती कार तंजावरला सासऱ्यांच्या अंगणात नेऊन लावली. आजही तिथेच आहे.

गुंडू येऊन त्या रिकाम्या जागेसमोर उभा राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ओटा फोडून तूं हवा पार्क केलीस!"

*

एकेक करत गल्लीतले सगळे ओटे गेले. कोणी ग्रिल लावून खोली केली, कोणी दुकान काढलं. राहिला फक्त गुंडूचा. आणि मग गुंडूनेच घर विकायला काढलं.

दोन्ही मुलं बंगळूरला. बायकोच्या गुडघ्यांना विहीर, माळा, पायऱ्या झेपेनात. मागच्या रस्त्याला लिफ्टवाला फ्लॅट बघितला. घर घेणारी पार्टी चेन्नईची, त्यांना तिथे हेरिटेज हॉटेल करायचं होतं. सगळं ठरलं. करारपत्र लिहिणारा वाचून दाखवू लागला, तसा गुंडू म्हणाला, "एक कलम राहिलें. रोज संध्याकाळीं पांच ते सात ओटा आमचा."

लिहिणाऱ्याने चष्मा काढला. "राव, असं कलम नसतं."

"मग विक्रीही नसते," गुंडू म्हणाला आणि उठला.

चेन्नईच्या माणसाने त्याला हाताला धरून परत बसवलं. कलम लिहिलं गेलं!

त्या संध्याकाळी ओट्यावर बसून गुंडूने आम्हा दोघांना बजावलं. "ऐका. घर माझें होतें हें कोणा पाहुण्यास सांगायचें नाहीं. मीही आंत पाऊल टाकणार नाहीं. त्या उंबऱ्यांत मी पाहुणा म्हणून जाऊं? मेलों तरी नाहीं." आवाज फुटला तसा तो खोकला. आम्ही दोघे रस्त्याकडे बघत राहिलो.

*

हॉटेल सुरू झालं. मॅनेजर तरुण, टी-शर्टवाला, अतिशय नम्र. एके दिवशी हात चोळत आमच्यापुढे आला. "सर, वीकेंडला गेस्ट फोटो काढतात. तुम्ही लुंगी आणि बनियनऐवजी काष्टा घालून धोतर नेसाल का? लुक चांगला येईल."

वेंकोबा म्हणाला, "नेसतों. तूं आधीं शेंडी ठेव."

शेवटी धोतरं वेटरांना नेसवली. गुंडूने मात्र मुद्दाम त्या शनिवारी नातवाची जुनी बर्म्युडा घातली, नारळाची झाडं छापलेली. दिल्लीचं एक कुटुंब मोठा कॅमेरा घेऊन आलं. त्यातल्या साहेबांनी ओट्याकडे बघितलं, गुंडूकडे बघितलं आणि म्हणाले, "अंकल, जरा बाजूला होता का? मला फक्त इथले लोक हवेत."

गुंडू बाजूला झाला. त्याच्या जागी विपुल बसला. विपुल वेटर, आसामचा. येऊन दोन महिने झालेले.

तो फोटो आता हॉटेलच्या वेबसाइटवर आहे. खाली लिहिलंय, 'कुंभकोणमचे जुने रहिवासी.'

*

आणि हा मागच्या महिन्यातला.

पुण्याचं एक जोडपं उतरलं होतं. राहूच्या पूजेला तिरुनागेश्वरम्‌ला जाऊन नुकतंच परतलेलं. बाई दारात उभ्या राहून नवऱ्याला मराठीत म्हणाल्या, "हे म्हातारे रोज येऊन बसतात वाटतं. फुकटचा वारा खायला!"

गुंडू मान न वळवता म्हणाला, "होय अम्मा. वारा तेवढा विकलेला नाहीं."

बाई उडाल्याच! "अगं बाई, तुम्ही मराठी? सॉरी हं काका, अगदी सॉरी!" मग त्या चौकटीतून पुढे झाल्या, हात केला आणि म्हणाल्या, "बाहेर काय बसलाय? आत या ना. या घरात कधी गेला नसाल, मी दाखवते."

मॅनेजरने गुंडूला आत यायचा आग्रह चारदा केला होता, चारही वेळा तो हलला नव्हता. पण त्या दारातून त्याला मराठीत 'आत या' असं कोणी म्हणून दोन वर्षं झाली होती. तो उठला. चपला काढल्या. वेंकोबा ओट्यावरच राहिला, म्हणाला, "मज जमणार नाहीं." मी मागोमाग गेलो.

बाई उत्साहाने दाखवत होत्या. "हे देवघर असणार. किती शांत वाटतं ना?"

ती चिंच साठवायची खोली. लहानपणी गुंडूला शिक्षा म्हणून तिथे कोंडत असत. मी त्याच्याकडे बघितलं.

"असेल," गुंडू म्हणाला.

"आणि हा झोपाळा, दोनशे वर्षांपूर्वीचा. याच घरातला!"

तो झोपाळा गेल्या वर्षी टेंपोतून आला. उतरवायला आम्ही तिघांनीच हात लावला होता. गुंडूने कडीवरून बोट फिरवलं. "फार जुना दिसतो."

मग मागे विहिरीकडे जायचा बोळ. तिथलं दार पूर्वी इतकं ठेंगणं होतं, की घरातल्या सगळ्यांना कपाळावर एक तरी टेंगूळ आलेलं. गुंडूच्या बायकोला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी! हॉटेलवाल्यांनी ती चौकट काढून नवी बसवली आहे, आता हत्तीसुद्धा आरामात जाईल.

बाई ताठ चालत पलीकडे गेल्या. मीही गेलो.

गुंडू दारापाशी आला. एक हात डोक्यावर ठेवला, कमरेत वाकला, अंग तिरकं केलं आणि अलगद पलीकडे येऊन ताठ झाला.

बाई हसू लागल्या. "अहो काका, दार केवढं उंच आहे! वाकलात कशाला?"

"कंबर, अम्मा," गुंडू म्हणाला. "वय झालें."