न खोडलेली ओळ

धाकटीच्या टेबलाखाली एक पेटी सतत घुमत असायची. कॉम्प्युटरच तो, फक्त पडदा नसलेला. आई त्याला घरजावई म्हणायची. "पाच वर्षं झाली, फुकटची वीज खातो, दिवसभर हूं हूं करतो आणि घरात काडीची मदत नाही."

धाकटी दिवसा एका शाळेच्या कार्यालयात कारकून होती. उरलेल्या वेळात ती आणखी अकरा जणांबरोबर एक प्रोग्रॅम सांभाळायची. त्यांतला एकही जण दुसऱ्याला समोरासमोर भेटलेला नव्हता. लहान दवाखाने औषधाच्या पुडीवर जी चिठ्ठी चिकटवतात, ती छापायचा हा प्रोग्रॅम. कोणीही घ्यावा, उघडून पाहावा, सुधारावा. मालक नाही, पगार नाही. तो जिथून लोकांपर्यंत जायचा ते मोठं मशीन एका कंपनीनं वापरायला दिलं होतं; घरजावयाच्या पोटात नुसती प्रत. ते मशीन चालू ठेवणं धाकटीकडे होतं, आणि बदलांची नोंदही. काय बदललं, का, कोणी, कोणी तपासलं, हे सगळं ती लिहायची. बाकीचे तिला चित्रगुप्त म्हणत.

नोंदीचा एक नियम तिनं पहिल्याच दिवशी घातला होता: लिहिलेली ओळ काढायची नाही. चुकलं तर खाली नवी लिहायची. हा नियम तिनं उचलला होता आईकडून. आई तीस वर्षं इस्पितळात नर्स होती. तिच्या वॉर्डच्या वहीत चूक झाली, तर खालचं वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची, बाजूला सही, आणि पुढे बरोबर ते लिहायचं. शाळा सुटल्यावर तिथंच टेबलाच्या कडेला बसून धाकटी गृहपाठ करायची आणि हे बघायची.

दोन महिन्यांपूर्वी कंपनीच्या इंजिनियरनं चिठ्ठीची मांडणी बदलून पाठवली. धाकटीनं वरवर पाहिलं, 'किरकोळ, मांडणी' असं लिहिलं आणि बदल आत घेतला. त्यानंतर अर्धी गोळी लिहिली की चिठ्ठीवर एक छापली जाऊ लागली. आठव्या दिवशी त्या अकरांतल्याच एका म्हाताऱ्या कंपाउंडरनं ते पकडलं. त्याला छापलेल्यावर विश्वास ठेवायची सवयच नव्हती. कोणाला अपाय झाला नाही, दुरुस्तीही त्याच दिवशी झाली. धाकटीनं नोंदीत लिहिलं: 'मागच्या बदलामुळे अर्धीच्या जागी एक छापलं गेलं. बदल कंपनीचा. न तपासता आत घेतला मी.'

रविवारी दुपारी आई मटार सोलत असताना कंपनीच्या साहेबांचा फोन आला. धाकटीनं तो स्पीकरवर टाकला.

"ताई, तेवढी एक ओळ काढून टाका. दुरुस्ती झालीय ना? आमचे ग्राहक वाचतात हो ती नोंद."

"वाचू देत की. त्यासाठीच ठेवलीय."

"अहो, तुमचंही नाव आहे त्यात. मी तुमच्याच भल्याचं सांगतोय."

"माझं राहू द्या, साहेब. पुन्हा 'किरकोळ' लिहिताना हात थांबतो."

मग आवाजातली साखर संपली. "ठीक आहे. मशीन या महिनाअखेरपर्यंत तुमचं. ओळ गेली तर पुढेही."

फोन बंद झाला. मशीन गेलं, तर नऊशे दवाखान्यांना पुढची एकही दुरुस्ती मिळणार नव्हती. आईनं हातातली शेंग धाकटीवर रोखली.

"अगं, काढ ना ती ओळ! मोठ्या माणसांशी कशाला वाकडं घेतेस? उद्या शाळेत फोन केला त्यांनी तर?"

"तू खोडलंस कधी?"

"माझं वेगळं होतं. माझ्याकडे पेशंट होते."

"आणि या चिठ्ठ्या काय भिंतीवर चिकटवतात?"

आईचा हात शेंगेवरच थांबला.

"तू चौथीत असताना मी वर्षभर चादरींच्या कोठारात होते, आठवतं?"

"हो. पाय दुखतात म्हणून मागून घेतली होतीस बदली."

"डोंबलाचे पाय! मोठ्या डॉक्टरांनी इंजेक्शनची वेळ बदलून लिही म्हणून सांगितलं. मी म्हटलं, लिहिते, पण जुनी दिसेल अशी. दुसऱ्या दिवसापासून चादरी मोजायला."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू माझ्यासारखी होशील म्हणून! उपयोग झाला का काही?"

धाकटी हसली आणि तिनं नोंदीत नवी ओळ घातली. आई चष्मा लावून मागे उभी राहिली. 'वरची ओळ काढण्याची मागणी आली. काढली नाही.'

"कोणी मागितलं? काय धमकी दिली? वॉर्डात अशी नोंद केली असतीस तर परत लिहायला लावली असती."

धाकटीनं तेही लिहिलं आणि बाकीच्यांना कळवलं. तासाभरात उत्तरं आली. एक शिक्षक आपला जुना कॉम्प्युटर देणार होता, त्या म्हाताऱ्या कंपाउंडरनं नातवाचा हिसकावून घेतला होता. तिसरा घरजावई. तीन घरांतून काम चालणार होतं, हळू का होईना. एक बंद पडला तर दुसरा होता.

आईची भीती काही गेली नव्हती. साहेब शाळेत फोन करतील, हे ती संध्याकाळपर्यंत चारदा म्हणाली. पाचव्यांदा म्हणता म्हणता तिनं कपाट उघडलं, चादरींचा कप्पा रिकामा केला, फडक्यानं पुसला.

"आण त्याला वर," ती म्हणाली. "टेबलाखाली धूळ खात काय बसलाय? कामाला लागलाय आता."