बिनफटीची पेटी

आमच्या घरात चार्जरच्या वायरींवरून जेवढी भांडणं झाली, तेवढी भावकीत जमिनीवरून होत नसतील. थोरली दहावीत, धाकटा आठवीत. दोघांचे मिळून फोन, टॅब, कानात घालायचे ते इयरफोन, पॉवर बँक, शिवाय त्या गेमचं रिमोट. जिथे पाय ठेवावा तिथे वायर. एकदा गरम वरणाचं पातेलं हातात असताना माझा पाय वायरीत अडकला आणि पडता पडता वाचले. मग काय, डोकं फिरलं माझं. मी मूळची साताऱ्याकडची, बाप वाशीच्या मार्केटात कांद्याची पोती वाहायचा. आवाज मुळातच मोठा. त्या दिवशी म्हणे खाली वॉचमननेसुद्धा मान वर करून बघितलं.

"उद्यापासून ही सगळी डबडी एका जागी राहणार," मी जाहीर केलं. "अभ्यासाला बसलात की आत, जेवायला बसलात की आत. चार्जिंगसुद्धा तिथेच." बाजारात तसले प्लास्टिकचे स्टँड मिळतात, पण ते आमच्या पोरांपुढे काय टिकणार! मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एक लाकडी मांडणी काढली. उभे खण, समोरून उघडे, प्रत्येक वस्तूला आपापली जागा. ते चित्र सासऱ्यांपुढे ठेवलं आणि विचारलं, "बाबा, एवढं कराल का?"

सासरे मोरा बंदरावरचे. मासेमारीच्या होड्या बांधणारे सुतार. सगळा जन्म किनाऱ्यावर, हातात पटाशी. मग फायबरच्या होड्या आल्या, लाकडाला कुणी विचारेना. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना उलव्याच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो आणि तिथे त्यांचं काय करायचं तेच आम्हाला कळेना. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. चहा दिला तर घ्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. मला ते बघवायचं नाही. म्हणून त्यांनी ते कॅलेंडर दोन्ही हातांनी धरलं, डोळ्यांजवळ नेलं आणि "लाकूड कंचं वापरू गो?" असं विचारलं, तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

लाकूड त्यांनीच आणलं. मोऱ्याला मोडीत निघालेल्या एका होडीच्या सागाच्या फळ्या, टेम्पोत घालून. गॅलरीत रंधा सुरू झाला. भुसा शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर उडाला, सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला, तो मी माझ्या पद्धतीने निस्तरला. पोरंही खूश होती. आजा टॅब हातात घेऊन त्याच्याभोवती वीत टाकून माप घ्यायचा आणि नातवंडं हसून लोळायची. नवरा न्हावा शेव्याला यार्डात शिफ्टवर असतो. तो घरी आला की बापाच्या शेजारी उकिडवा बसायचा आणि फळ्या धरायचा. ते दिवस खरंच छान होते.

पण मांडणी तयार झाली तेव्हा ती मांडणी नव्हतीच. ती पेटी होती. खण होते, पण चारी बाजूंनी बंद, वर जाडजूड झाकण. वायर आत घ्यायला वरच्या कडेला एक छिद्र ठेवलं होतं, तेही वायरीच्या मापाचं, वायर गेली की गच्च. फळीला फळी जिथे भिडते तिथे त्यांनी कापसाची वात तेलात आणि राळेत भिजवून ठासली होती, होडीला करतात तशी. मग ती पेटी गॅलरीत ठेवून त्यांनी तिच्यात बादलीभर पाणी ओतलं आणि खाली वर्तमानपत्र पसरून बघत बसले. कागद कोरडा राहिला.

"आजा, आमचे फोन पोहायला जाणारेत का?" थोरली म्हणाली. आम्ही सगळे हसलो. ते हसले नाहीत.

मी त्यांना समजावलं. म्हटलं, बाबा, ही विजेची यंत्रं, चार्जिंगला लावली की तापतात, हवा लागते त्यांना. मागच्या फळीला चार भोकं पाडा.

"भोकं?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांना वाईट करायला सांगतेय. "मी? माझ्या हातानं?" मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या तरुणपणी मोऱ्याला एका सुताराच्या होडीत फट राहिली होती. बोटाचं नखही जाणार नाही एवढी. ती होडी माणसांसकट गेली. त्या सुताराच्या दारात मग कोणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. "पानी वाट बघत असतं गो," ते म्हणाले. "त्याला एकच फट पायजे." पण आमच्याकडे कुठे समुद्र होता? तिसरा मजला!

दुसऱ्या दिवशी ते खाली बागेत गेले असताना मी नवऱ्याची ड्रिल मशीन काढली आणि मागच्या फळीला भोकं पाडून टाकली. चांगली अंगठ्याएवढी. वर आले तेव्हा भुसा मी झाडून काढला होता, पण सुताराच्या डोळ्यांपासून काय लपणार! पेटीमागे हात फिरवला, हात तिथेच थांबला. त्या दिवशी भाकरी अर्धी टाकली. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण पोरांच्या खोलीत ठेवायची वस्तू होती. तिथे मी कुणाचंच मन राखणार नव्हते.

पेटी पोरांच्या खोलीत टेबलाखाली बसली, पाठ भिंतीकडे. आत एक्स्टेन्शन बोर्ड. आणि घर एकदम शांत झालं. पायात वायर नाही, जेवताना टिंग टिंग नाही. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले. तरी त्या शांततेत काहीतरी बरं नव्हतं, हे मला कळत होतं. आत फोन थरथरला की ते सागाचं लाकूड घुमायचं, कुणीतरी तोंड दाबून आतल्या आत बोलतंय तसं. जिन्यातली मांजर दार उघडं दिसलं की थेट आत यायची आणि झाकणावर जाऊन झोपायची. पोरं तिचे फोटो काढायची. मी एकदा तिला हाकललं आणि झाकणावर हात ठेवला, तर ते कोमट होतं. मांजरीच्या अंगाची ऊब असेल म्हटलं. पण मांजर यायच्या आधीही एकदा हात लावून बघितला. तेव्हाही कोमट.

"आई, माझा टॅब आपोआप बंद पडतो," थोरली सांगायला लागली. "आत खूप गरम होतो गं."

"नाटकं नकोत. मागे भोकं आहेत, हवा जाते."

घरातही काहीतरी बदललं होतं. सकाळी दिलेल्या फोडणीचा वास दुपारपर्यंत हटत नव्हता. वारा सुटला की स्वयंपाकघरातली खिडकी खडखडायची, ती आता वाजेनाशी झाली. थंडीचे दिवस आहेत, खिडक्या लावलेल्या असतात, म्हणून मी सोडून दिलं.

त्या रविवारी नवरा सकाळच्या शिफ्टला गेला होता. आंघोळी सगळ्यांच्याच राहिल्या होत्या. थोरली केस धुवायला म्हणून पहिली आत शिरली. धाकटा पोहे खात होता, सासरे गॅलरीत. मी कपडे घडी करायला पोरांच्या खोलीत गेले आणि मला वास आला. जळकट आणि गोडसर. इकडेतिकडे बघितलं. टेबलाखाली पेटीचं झाकण एका कोपऱ्यात वर उचललं गेलं होतं. आपलं आपण. त्याच्या कडेने बारीक धूर निघत होता.

बाई गं! मी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. बाथरूममधून थोरली ओरडली, "आई, लाइट!"

"थांब जरा!" मी ओरडले, प्लग उपटला आणि पेटी उचलून गॅलरीत नेऊन आपटली. झाकण उघडलं. टॅब पुरीसारखा फुगला होता. त्याची काच तडकली होती, बोर्डाचं प्लास्टिक वितळून खाली चिकटलं होतं. अजून थोडा वेळ गेला असता तर! खोलीत पडदे, गाद्या, पोरांची पुस्तकं. आणि मग माझ्या मनात आलं, भोकं होती ना? मग एवढं तापलं कसं?

पेटी फिरवली. मागची फळी सपाट होती. एकही भोक नाही. मी बोट फिरवलं तेव्हा कुठे लागलं. प्रत्येक भोकात सागाची खुंटी, कडेने कापूस, वरून राळ, आणि वर रंधा मारून गुळगुळीत केलेलं. इतकं सुबक, की डोळ्यांना दिसतच नव्हतं.

मग माझा जो तोल सुटला! सासरे आहेत, वयाने मोठे आहेत, काही राहिलं नाही. "बाबा, पोरं जळून मेली असती! कळतंय का तुम्हाला? मी सांगितलं होतं, हवा लागते, तरी तुम्ही माझ्या पाठीमागे..." धाकटा पोह्यांची बशी घेऊन दारात उभा राहिला होता, त्यालाही मी ओरडून आत पाठवलं. शेजारच्यांनी गॅलरीचं दार लावून घेतलं. मी थांबत नव्हते. भीती वाटली की मला रागच येतो, दुसरं काही येतच नाही.

सासरे भिंतीला टेकून ऐकत होते. शेवटी हळूच म्हणाले, "मना वाटलं, ती भोकं पाडून तू चुकलीस. रातचा डोला लागत नव्हता मना. पोरांच्या उशाशी भोकांची पेटी."

त्यांचा आवाज ऐकून माझा आवाज उतरला. एवढा म्हातारा माणूस, नातवंडांसाठी जागत होता! मी खाली बसले. राग गेला नव्हता, पण आता वेगळीच धास्ती वाटायला लागली होती. माणूस एक फट बुजवून थांबतो का?

"बाबा," मी विचारलं, "घरात अजून कुठे कुठे बुजवलंत?"

त्यांचा चेहरा खुलला. मी कौतुकाने विचारतेय असं त्यांना वाटलं असावं. बोटांवर मोजत सांगायला लागले. किचनच्या खिडकीची फट, लय वाजायची. सिंकखाली पाइपाच्या बाजूचं भोक, झुरळं यायची. हॉलच्या दाराखालची चीर. "आनि काल ती बाथरूमची खिडकी. काचांच्या पट्ट्या हायेत ना, त्यांच्यामधून गार वारा येतो. पोरगी शिंकत व्हती. म्हटलं केस धुवेल, सर्दी होयल. एकेक पट्टी पक्की केली. आता वाऱ्याचा थेंब येनार नाय."

आमच्या बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे. लाइट नसली तरी तो चालतो. दर थंडीत पेपरात बातमी येते, बंद बाथरूम, गॅसचा गीझर, कोंडलेला विषारी वायू, दार तोडावं लागलं. दर वेळी मी ती वाचून नवऱ्याला म्हणायचे, आपली खिडकी उघडी असते म्हणून बरं.

पाण्याचा आवाज येत होता. मी किती वेळ ओरडत होते कोण जाणे, तेवढ्या वेळात थोरलीने लाइटसाठी दुसरी हाक मारली नव्हती. लाइट गेल्यावर ओरडून ओरडून घर डोक्यावर घेणारी माझी पोरगी.

मी दारावर दोन्ही हातांनी ठोठावलं. "ए! दार उघड! ऐकू येतंय का?" नुसतं पाणी. मी नाव घेऊन ओरडले, लाथा मारल्या, दार हलेना. सासऱ्यांनी मला बाजूला ढकललं. गॅलरीतून आणलेली पटाशी दाराच्या फटीत घातली, हातोड्याचा एक दणका दिला आणि कडी उपटून आत पडली. थोरली फरशीवर बसली होती, भिंतीला डोकं टेकून. गाल लाल, डोळे अर्धवट उघडे, मला ओळखत नव्हते. टॉवेलमध्ये गुंडाळून तिला ओढत मी गॅलरीत नेलं. धाकट्याने गीझर बंद केला आणि शेजाऱ्यांकडे धावला. मी तिचं तोंड वाऱ्याकडे धरून बसले, गालावर मारत राहिले. देवा, हिला काही होऊ देऊ नको, एवढंच म्हणत होते. मग ती ओकली. मग खोकली. मग म्हणाली, "आई, डोकं खूप दुखतंय गं." आणि मी रडायला लागले.

हॉस्पिटलात न्यायला शेजाऱ्यांनी गाडी काढली. तिला कपडे चढवत होते तेव्हा बाथरूममधून खरवडल्याचा आवाज आला. डोकावले. सासरे पाण्यात अनवाणी उभे होते आणि खिडकीच्या पट्ट्यांमधला कापूस नखांनी उपटत होते. बोटांना रक्त आलं होतं.

"बाबा, ती बोलली. शुद्धीवर आली. सोडा ते आता."

त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

"निघत नाय गो," ते म्हणाले. "लय पक्का बसवलाय मी. निघत नाय."