बालाक्रोसचं अंग

बालाक्रोस कुस्तीत कधी कोणाला भारी पडला नाही. त्याच्या पाठीची माती मीच कितीदा झटकली आहे. पण अंग? अख्ख्या मॅसेडोनियात तसं दुसरं नव्हतं, हे मी कोणाशीही भांडून सांगेन. सकाळी कुदळीने आखाडा खणायचा, मग तेल, मग धूळ, मग आमच्याशी झोंबाझोंबी, शेवटी पितळी खरवडणीने सगळं निपटून काढायचं. जेवायला जवाची भाकरी, ताजं चीज, अंजीर. आम्ही चिडवायचो, "लग्न आदेआशी केलंस की आरशाशी?" तो म्हणायचा, "आरसा ओरडत तरी नाही."

हर्मीसच्या सणाला आमच्या तालमीत कुस्तीखेरीज आणखी एक बक्षीस असतं. ज्याने अंग सगळ्यांत चांगलं राखलं, त्याला ढाल. पण वय तिशीच्या आत हवं. बालाक्रोसचं ते शेवटचं वर्ष होतं आणि ढाल त्याचीच, हे त्याचे वैरीसुद्धा धरून चालले होते.

तालमीचे नियम कडक. गुलाम, दारुडा, वेडा आणि बाजारात विकायला बसणारा, यांना आत कपडे उतरवून कसरत करायची बंदी. बालाक्रोसचं शेत नदीने खाल्लं, तेव्हापासून आदेआ बाजारात वाम मासे विकायची. बाईमाणसाने विकलं तर नवऱ्याला बाट लागत नाही. तो पहाटे टोपली पोचवून सटकायचा.

सण तोंडावर आला आणि आदेआ तापाने फणफणली. वाम उन्हात किती टिकणार? तो टोपलीशेजारी उभा राहिला. नुसता उभा. लोक नाणी टाकून आपल्या हाताने मासे उचलत होते. त्याचे खांदे बघायलाच गर्दी झाली. एक म्हातारी म्हणाली, "पोरा, विकायला मासा आहे की तू?"

तेवढ्यात तालमीचे प्रमुख लिमनाइओस आले. खाण्याचे शौकीन, नजर टोपलीत.

"कशी दिली रे?"

"ओबोलला एक, काका. ताजी आहे."

लिमनाइओसनी मान वर केली. "बालाक्रोस? तू होय."

"टोपली आदेआची आहे, काका. मी नुसता उभा आहे."

"नुसता उभा राहणारा भाव सांगत नाही, बाळा. तुला आत घेतलं तर दंड मला बसेल."

त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. वाम न घेताच ते गेले. मला आजही त्या माणसाचा राग येतो, आणि बालाक्रोसच्या जिभेचाही. इतकी वर्षं तोंडात काय जातं ते सांभाळलं, आणि काय बाहेर पडतं ते एकदाच सांभाळलं नाही.

सणाच्या दिवशी तरी तो आलाच. घरातलं तेल चोपडून, धुतलेलं वस्त्र पांघरून तालमीच्या दाराशी थांबला. आत ढाल मिळाली एका बऱ्या घरच्या पोराला, ज्याचं पोट आतापासूनच सुटायला लागलं होतं. आमच्या टाळ्या बाहेर ऐकू गेल्या असणार.

मला बघवेना म्हणून मी बाहेर आलो. कट्ट्यावर सितास बसला होता. हा थ्रेसचा गुलाम. जन्मभर आमच्या पाठी खरवडल्या, पण स्वतःच्या अंगाला तेलाचं बोट लावायची मुभा नाही. बालाक्रोसला तो कायम 'मालक' म्हणायचा. आता त्याने सरकून त्याच्यासाठी जागा केली होती.

"बस रे," तो मायेने म्हणाला. "हा सण आपला नाही."

बालाक्रोसने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या शेजारी बसला.