हिरव्या चौकटीतला महिपती

कासू स्टेशनच्या पश्चिमेला खाडीपर्यंत खारजमीन पसरली आहे. तिथल्या महिपतीला भरती-ओहोटी टाचेतून कळायची. ओट्यावर बसल्या बसल्या टाच भुईला टेकवून तो म्हणायचा, "वळलं पाणी." आणि खरंच ओहोटी लागलेली असायची. बांधाचं काम ओहोटीतच होतं, म्हणून ते निघालं की सारं गाव त्याच्या टाचेकडे बघायचं.

त्याचं दीड एकर लाल भाताचं शेत तीन वर्षं पाण्याखाली होतं. भादव्याच्या उधाणात जगनच्या शेताजवळ बांध फुटला, खांड पडली, आणि खाडी आत आली ती आलीच. भाताच्या जागी तिवरं उगवली. तरी महिपती रोज संध्याकाळी काठावर जाऊन उभा राही. नितळ पाण्याखाली त्याला लोंब्या डुलताना दिसत. मरायच्या आधी एकदा त्या शेतातला भात ताटात यावा, एवढंच त्याचं मागणं होतं.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात मुंबईच्या कॉलेजातली मृणाली वही घेऊन गावात आली. गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याचा एकेक माणूस ती कॉम्प्युटरमध्ये घडवणार होती. खरा माणूस जसं ठरवतो तसंच तो ठरवणार, जमीन कसायची की सोडायची. मग पुढं जमिनीचं काय होतं ते दिसणार.

"तुझ्या मशीनमधला म्हातारा जेवतो काय गो?" महिपतीच्या बायकोनं, सगुणानं विचारलं.

"नाही आजी. फक्त शेती करतो."

"मग तो हितं ठेव, नि ह्याला घेऊन जा."

ओट्यावर जमलेली माणसं हसली. मृणालीनं महिपतीला विचारलं, "बांध फुटला तर तुम्ही जाल?"

"जाल म्हंजे? हाळी आली की घरटी एक माणूस. कुणाच्या शेतापाशी फुटला ते इचारायचं नाय. रीतच हाय आमची."

चारचौघांत पाहुणीपुढं दुसरं कोण काय सांगणार? सगळ्यांनी तेच सांगितलं. जगन तेवढा भुईकडे बघत म्हणाला, "व्हय. सगळेच जातात."

वैशाखात ती परत आली, एक मोठा कागद घेऊन. त्यावर चौकटीच चौकटी, एक चौकट म्हणजे एक शेत. सगळ्या हिरव्या, पीक उभं असलेल्या.

"तुमच्या उत्तरांप्रमाणे खांड पहिल्याच दिवशी बुजते," ती म्हणाली. "खरं तर तिथं पाणी आहे. माझं कुठं चुकलं तेच कळत नाही."

महिपतीनं आपली चौकट शोधली, त्यावर बोट ठेवलं. बोटाखाली वारा वाहू लागला. पिकल्या भाताचा वास आला, बगळे उतरले. बांधावर एक छोटा महिपती उभा होता, चिखलानं माखलेला, हाळी ऐकताच धावलेला. किती वेळ तो त्याच्याकडे बघत राहिला कोण जाणे. मग त्यानं बोट उचललं.

"बाय, ह्या माणसाला खाली बसव. तो गेला नव्हता."

"कोण?"

"मी. शेताच्या मेरेवरनं जगनशी भांडण होतं. त्यानं दारात येऊन हाळी दिली, तवा मी घोंगडी ओढून निजलो. ताप हाय असं हिला सांगायला लावलं. मी येत नाय म्हटल्यावर बाकीचे वाटेतनं परतले."

ओट्याच्या कडेला बसलेला जगन बोलला, "ठावं हाय मला. घोंगडीतनं तुझा पाय भायेर होता. टाच भुईला टेकलेली. पाणी कधी वळतंय ते बघत होतास."

महिपतीची मान खाली गेली.

मृणालीनं वहीत आधीचं उत्तर खोडलं आणि हळूच विचारलं, "आणि आता? आता जाल?"

महिपतीनं टाच भुईला टेकवली. दूर तिवरांत पाणी क्षणभर थबकलं, आणि मागं सरू लागलं.

"वळलं," म्हणत तो उठला. कोपऱ्यातलं फावडं त्यानं खांद्यावर घेतलं.

जगननं घमेलं उचललं. "ताप नाय ना आज?"

तीन वर्षांची रुंदावलेली खांड, आणि माणसं दोन. मृणालीची पेन्सिल वहीवर तशीच थांबली.

"बघत काय बसलीस गो?" सगुणा म्हणाली. "लिही, दोघं गेले." आणि पदर खोचून तीही उतरली.